काशाचा राखणदार

मार्च लागला की आमच्या मुलुंडमध्ये विजेच्या एकाच खांबावर दोन फलक दिसायला लागतात. वरच्या फलकावर कुठल्यातरी क्लासने दहावीच्या मुलांना शुभेच्छा दिलेल्या असतात. हसरी मुलं, हातात ट्रॉफ्या, आणि मधोमध क्लासच्या सरांचा त्या सगळ्यांपेक्षा मोठा फोटो. खालच्यावर शिमग्याला कोकणात जाणाऱ्या बसगाड्यांची जाहिरात असते. तिच्यावर ढोल, पालखी आणि बुकिंगचा नंबर. फलक लावणाऱ्याला जिथे जागा मिळाली तिथे त्याने लावला, त्याच्या मनात काही नसणार. पण आमच्यासारख्या कोकणातून आलेल्या घरांत ह्या दोन फलकांचं वर्षानुवर्षं भांडण चालू आहे. फाल्गुनातली पौर्णिमा आणि बोर्डाचे पेपर एकमेकांना चुकवायला तयार नसतात, आणि ज्या घरात दहावीचं मूल असतं त्या घराची त्या वर्षी पुरती वाट लागते.

ह्या वर्षी ते घर आमचं. माझी मुलगी ओवी दहावीला. घाटकोपरच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी इमारतींचे नकाशे काढते. तिथून एका संध्याकाळी घरी आले, तर डायनिंग टेबलाच्या एका टोकाला ओवी इतिहासाचं पुस्तक उघडून बसली होती आणि दुसऱ्या टोकाला माझे बाबा तिच्या लॅपटॉपवर गेम खेळत होते. आवाज बंद, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जीभ दातांत. पडद्यावर एक छोटंसं गाव होतं आणि गावाच्या कडेकडेने एक अवाढव्य, पिवळसर चकाकणारा माणूस संथपणे चालत होता. मी चपला न काढता तशीच दारात उभी राहिले. हे सगळं मी आधी पाहिलं होतं. फक्त तेव्हा पुस्तकाच्या टोकाला मी होते.

खेळाचं नाव सांगत नाही. ज्यांनी माझ्या शाळेच्या काळात तो खेळला त्यांना लगेच ओळख पटेल. आपल्याला थोडी जमीन आणि थोडी माणसं मिळतात. त्यांना लाकूड तोडायला लावायचं, शेती करायला लावायची, सोनं खणायला लावायचं, घरं बांधायची, सैन्य उभं करायचं आणि पलीकडच्या गावाचा निकाल लावायचा. हे सगळं एकाच वेळी. आपण विचार करत बसलो म्हणून समोरचा थांबत नाही. ह्या जातीचे खेळ पुष्कळ आहेत, पण ह्याची गंमत अशी की ह्यात देवळं होती. गावातली काही माणसं देवळासमोर बसवली की ती प्रार्थना करायची, देवाची कृपा साठत जायची, आणि पुरेशी साठली की पुराणातला एखादा जीव आपल्या बाजूने लढायला यायचा. एका डोळ्याचा राक्षस, पंख असलेला घोडा, असले ग्रीक पुराणातले. त्यांच्यात माझा लाडका होता तो काशाचा माणूस. झाडांच्या दुप्पट उंच, चालला की पडदा हादरायचा, अंगावर बाण लागले की टणटण आवाज यायचा. तट फोडावा तर त्यानेच. तो तयार झाल्या झाल्या मी त्याला शत्रूच्या वेशीवर पिटाळायची. दोन्ही मुठींनी तो भिंत पाडायचा, माझं सैन्य आत घुसायचं, आणि तो बहुतेक तिथेच पडायचा. मग मी दुसरा तयार करायची. मला त्याच्याविषयी प्रेम होतं ते असं होतं.

तेव्हा आम्ही भांडुपला टेकडीच्या चढावर राहायचो. बाबा आधी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर जवळच्याच एका औद्योगिक गाळ्यातल्या छापखान्यात लागले. छापखान्यात नवे कॉम्प्युटर आले तेव्हा मालकाने एक जुना बाबांना देऊन टाकला. बाबांनी तो रिक्षात मांडीवर घेऊन आणला, चढावर रिक्षा अडली तेव्हा डोक्यावर घेऊन आणला, आणि आईने त्याच्यासाठी क्रोशाचं आवरण विणलं. माझ्या मैत्रिणीने गेमची सीडी दिली. तो कॉम्प्युटर आचके देत, धापा टाकत का होईना, गेम चालवायचा. दहावीचं वर्ष सुरू झालं तेव्हा आईने सीडी तांदळाच्या डब्यात ठेवली. परीक्षा झाल्याशिवाय डबा उघडायचा नाही, असं ठरलं. म्हणजे मी उघडायचा नाही. भात रोज होत होता.

त्या मार्चचा वास मला अजून येतो. नवनीतच्या गाईडांच्या पानांचा, तापलेल्या पत्र्याचा, पाण्याच्या पिंपाच्या ओल्या तळाचा. आजूबाजूच्या खोल्यांतले टीव्ही आवाज खाली करून चालायचे, कारण चाळीत दहावीची मुलगी होती. फुगे मारणारी पोरं आमच्या दारावरून जाताना फुगे पाठीमागे लपवायची. सगळी वस्ती माझ्यासाठी श्वास धरून बसली होती आणि मला मात्र प्रमेयं पाठ होत नव्हती. मी नापास होईन असं मला वाटत होतं, आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती.

दर वर्षी आम्ही तिघं शिमग्याला गावी जायचो. राजापूर तालुक्यातलं आमचं गाव. पौर्णिमेनंतर ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. तिच्यासाठी दार उघडं लागतं, अंगण सारवलेलं लागतं, घरातली बाई ओटी घेऊन उभी लागते. पालखी खांद्यावर घेऊन नाचवायची ती वाडीतल्या पुरुषांनी, आणि बाबांचा तो खांदा ठरलेला. गिरणीच्या संपातसुद्धा त्यांनी तो चुकवला नव्हता. त्या वर्षी आई म्हणाली, "तुम्ही जावा. मी ऱ्हवतंय पोरीकडे." बाबांनी ऐकलं नाही. "तू थय दार उघड. हयची राखण मी करतंय," म्हणाले, आणि छापखान्यात रजा टाकून घरी बसले.

राखण म्हणजे काय करायचं हे त्यांना नीट माहीत नव्हतं. मला केंद्रावर सोडायचं, आणायचं, वाटेत उसाचा रस पाजायचा, आणि कधी विचारायचं नाही की पेपर कसा गेला. ते झालं की बाकीचा दिवस उरायचा. रजेचा माणूस दुपारी घरात काय करणार? गॅसचं बटण तपासायचं, मोरीचा नळ तपासायचा, दाराची कडी तपासायची. ही त्यांची जुनी सवय. बाहेर पडताना तर हे तिन्ही झाल्याशिवाय त्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नसे. अशाच एका दुपारी भातासाठी डबा उघडला आणि त्यांच्या हाताला सीडी लागली.

"ह्या कसा लावतत?" त्यांनी मला विचारलं.

मी भूमितीतून डोकं वर काढलं. "बाबा, परीक्षा आहे ना माझी."

"तुझी आसा. माझी खय आसा?"

मी लावून दिलं. सांगितलं, ही माणसं, हे देऊळ, प्रार्थनेला बसवलं की कृपा मिळते. एवढं ऐकलं आणि बाबांना सगळा खेळ समजला, असं त्यांना वाटलं. त्यांनी गावातलं झाडून सगळं माणूस देवळासमोर बसवलं. लाकूडतोडे बसवले, कोळी बसवले, सोनं खणणारे बसवले. कृपा धो धो साठली आणि गावाचं धान्य संपलं. मी मागून बघत होते, मला राहवेना. म्हटलं, "बाबा, शेतात कोणीतरी पाठवा. उपाशी मरतील सगळे."

"शिमग्याक शेतात कोण जाता गे?" बाबा म्हणाले. पडद्यावरचा महिना कुठला हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

पण त्या सगळ्या कृपेतून त्यांचा पहिला काशाचा माणूस उभा राहिला, आणि तो बघून ते खुर्चीत सरळ झाले. मग हळूच म्हणाले, "राखणदार."

कोकणातल्या माणसाला राखणदार समजावून सांगावा लागत नाही, इतरांसाठी सांगते. प्रत्येक गावाला एक असतो. तो देवही नव्हे आणि भूतही नव्हे. गावाच्या हद्दीवरून तो फिरतो. हातात काठी, पायात वहाणा, खांद्यावर घोंगडी. तो दिसत नाही, पण त्याच्या वहाणांचा आवाज ऐकलेली माणसं वाडीवाडीत भेटतात. त्याला नारळ देतात, विडी देतात. वाट चुकलेल्याला तो घराच्या पाणंदीपर्यंत आणून सोडतो. एक गोष्ट मात्र तो करत नाही. तो हद्द सोडत नाही.

तेव्हा मी, माझ्या दांडग्या अनुभवाने, बाबांना सांगितलं की ह्याला आता पलीकडच्या गावावर पाठवा. हा भिंती फोडण्यासाठीच आहे. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवघरातली घंटा भंगारात द्यायला सांगितली. "राखणदार हद्द सोडता काय? तेणा हद्द सोडली तर गावात कोण?" आणि त्यांनी त्याला गावाच्या कडेने चालवायला सुरुवात केली. इथे क्लिक, तो इथपर्यंत जायचा. पुढे क्लिक, पुढपर्यंत. डोंगराच्या बाजूने, खाडीच्या बाजूने, पुन्हा देवळाशी. दुपारभर बाबा त्याला फिरवत बसले. गस्त घालण्यासाठी एक वेगळं बटण असतं. ते दाबलं की तो आपला आपण फेऱ्या मारत राहतो. मी ते दाखवलं तेव्हा त्यांनी माऊस सोडला, हाताची घडी घातली आणि कितीतरी वेळ नुसतं बघत राहिले. शत्रूची टोळी यायची, त्याच्यावर आपटायची, फुटायची. तो पुन्हा चालू लागायचा.

असा खेळ कोणी जिंकत नाही. समोरच्याचं गाव शाबूत, आपलं गाव शाबूत, तास जातात आणि पडद्यावर विजयाची अक्षरं काही येत नाहीत. मला ते असह्य व्हायचं. संध्याकाळी बाबा कॉम्प्युटर बंद करायचे तेव्हा मी मुद्दाम विचारायची, "जिंकलात का?"

"जिकूक कोण बसलाहा? गाव आसा मां अजून? मगे?" असं म्हणून ते भाताला लागायचे.

गंमत म्हणजे त्या दिवसांत माझा अभ्यास झाला. पाठीमागे खुर्चीची कुरकुर, माऊसचा टकटक आवाज, मधूनच बाबांचं स्वतःशी पुटपुटणं. मला वाटायचं, कोणीतरी फेऱ्या मारतंय, आपण प्रमेयाकडे बघावं. भीती गेली असं नाही म्हणणार मी. पण ती हद्दीवर जाऊन थांबली होती, आणि तेवढं मला पुरत होतं.

भूमितीच्या पेपराच्या आदल्या दिवशी पालखी आमच्या दारात होती. म्हणजे गावच्या दारात. दुपारी शेजारच्यांच्या फोनवर आईचा फोन आला. ती तिकडे दिनूकाकांच्या, म्हणजे बाबांच्या चुलत भावाच्या, पडवीतून बोलत होती. बोलली फार नाहीच. तिने रिसीव्हर शेजारच्या आमच्या अंगणाकडे धरला. मी बाबांच्या बाजूला उभी होते. फोनमधून ढोलाचा आवाज येत होता, चेपलेला, खरखरता, डब्यात बंद करून पाठवल्यासारखा. बाबा रिसीव्हर कानाला लावून ताठ उभे होते. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता, पण त्यांचा उजवा खांदा हलत होता. वर, खाली, वर, खाली. त्यांना ते कळत नव्हतं. मला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं की मी शेजारच्यांच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

घरी आल्यावर ते कॉम्प्युटरसमोर बसले, राखणदाराला देवळाशी आणून उभं केलं आणि हात जोडले. गाऱ्हाणं घालायचा त्यांचा आवाज वेगळा आहे, पोटातून येणारा. गावात पालखीपुढे ते घालायचे. एकाने देवापुढे म्हणणं मांडायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी प्रत्येक मागण्यापाठी होकार भरायचा.

"बा देवा म्हाराजा," बाबा पडद्याला म्हणाले, "ह्या तुझ्या वाडीतला एक चेडू उद्या भूमितीच्या पेपराक बसताहा. तेची राखण कर. पाठ केलला येळेर आठवांदे. कोण चुकलो तर सरळ कर. आणि तेच्या मनात जा काय भय बसलाहा, ता हद्दीभायर घाल रे म्हाराजा."

मी त्यांना कधीच काही सांगितलं नव्हतं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, म्हणजे होकार भरायचा तो मीच. मी पलंगावरून, पुस्तकाआडून म्हटलं, "व्हय म्हाराजा."

भूमितीत किती मिळाले ते सांगत नाही, उगीच लेखाची शोभा जायची. पास झाले.

नकाशे काढताना मला कधीकधी त्या काशाच्या माणसाची आठवण येते. मोठ्या सोसायटीचा नकाशा असला की आधी इमारती बसतात, मग गाड्या, मग बाग, मग क्लब हाऊस. वॉचमनची केबिन सगळ्यांच्या शेवटी येते, उरलेल्या कोपऱ्यात. तिला खिडकी कुठल्या बाजूला हे कोणी विचारत नाही. राखणाऱ्याने बाहेर बघायचं, त्याच्याकडे कोणी बघायचं नाही, अशीच एकंदर रीत आहे. घरातही काही वेगळं नसतं. बाबा आहेत ना घरी, असं मी किती वेळा म्हणते. ऑफिसात उशीर होणार असला की म्हणते, कुरियर यायचं असलं की म्हणते. ह्या मार्चमध्ये तर रोज म्हणत होते.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. तोपर्यंत दर शिमग्याला ती आणि बाबा जात, दार उघडत. मागच्या वर्षी घरात दुःख, म्हणून रिवाजाप्रमाणे पालखी आमच्या अंगणात आली नाही. ह्या वर्षी येणार होती. आई गेल्यानंतर पहिल्यांदा. परीक्षेच्या आधी एका रविवारी दिनूकाकांचा फोन आला. बाबांना आता कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर होता.

"दादा, येतास मां ह्या वर्साक?"

"बघतंय. नातीची परीक्षा आसा."

"मगे दाराचा काय?"

"कुलूप," बाबा म्हणाले.

दुःखाच्या वर्षी दार बंद असणं वेगळं आणि माणसं असून कुलूप असणं वेगळं, हे त्या दोघांनाही माहीत होतं, आणि स्पीकरवर ऐकणाऱ्या मलाही. पालखी अशा दारापुढे क्षणभर थांबते आणि पुढच्या घरी जाते. कोणी काही बोलत नाही. फक्त पुढल्या वर्षी थांबत नाही.

फोन ठेवून बाबा म्हणाले, "मी ऱ्हवतंय हय. तू ऑफिसात जातंस, मंदारराव जातत. पोर एकटा नको." मंदार माझा नवरा. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. बाबांना एकट्याने पाठवता येत नाही; त्यांच्या उजव्या टाचेचं दुखणं आता घोट्यापर्यंत चढलंय, सूज येते. त्यांना न्यायचं तर मला जावं लागणार, आणि मुलीची दहावी टाकून शिमग्याला जाणारी आई मी मुलुंडमध्ये तरी पाहिलेली नाही.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या तळपायाला काशाची वाटी घासत होते. उन्हाळ्यात आई हे करायची. तूप लावून वाटी फिरवत राहायची, वाटी काळी पडेपर्यंत. टेबलाशी ओवी बसली होती. अभ्यासातून सुटी म्हणून ती मोबाईलवर त्या काशाच्या माणसाची मूळ गोष्ट शोधत होती. गेम आता नव्या रूपात आलाय, चित्रं झकास झालीत, रविवारी आजोबा आणि नात मिळून खेळतात आणि राखणदार अजूनही हद्द सोडत नाही.

"आई, ऐक ना. आजोबा बरोबर खेळत होते," ती म्हणाली. "ग्रीक गोष्टीत हा भिंती वगैरे फोडत नाही. त्याचं एक बेट असतं आणि तो रोज त्या बेटाच्या किनाऱ्यावरून फेऱ्या मारतो. राखणदारच आहे तो. गेमवाल्यांनी त्याला उगीच लढायला लावलंय."

बाबा गालातल्या गालात हसले. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. त्यांच्या लेखी ग्रीसमध्येही वाड्या असणार आणि वाड्यांना हद्दी असणार.

"आणि त्याच्या घोट्याशी एक खिळा असतो," ओवी पुढे वाचत होती. "अख्ख्या अंगात एकच शीर, आणि ती त्या खिळ्याने बंद केलेली. बाकी कशानेच तो मरत नाही. खिळा निघाला की सगळं वाहून जातं आणि संपतो."

माझ्या हातात बाबांचा घोटा होता. वाटी फिरवायची मी थांबले. इतकी वर्षं हा पाय फेऱ्या मारतोय, आणि तो दुखतो का एवढंच आपण विचारत आलो. त्याला कुठे जायचं होतं का हे विचारलंच नाही, असं काहीतरी माझ्या मनात आलं.

ओवी माझ्याकडे बघत होती. ती हुशार आहे, आणि तोंडाने फटकळ. मोबाईल खाली ठेवून म्हणाली, "आई, एक बोलू? दहावी माझी आहे. तुम्ही सगळे का देताय?"

"म्हणजे?"

"म्हणजे आजोबांना गावाला घेऊन जा ना यार. आजीनंतर पहिल्यांदा पालखी येतेय. तुम्ही दोघं इथे बसून माझ्याकडे बघत राहिलात की मला जास्त टेन्शन येतं."

"पोरी, परीक्षा मोठी," बाबा म्हणाले.

"मोठी आहे ना, मग मला देऊ दे. पप्पा आहेत. पप्पा, तुम्ही आहात ना?"

मंदार आतून आला. तो फार विचार करून बोलणारा माणूस नाही, आणि त्या दिवशी त्याचा मला फार उपयोग झाला. "मी रजा टाकतो," तो म्हणाला. "खिचडी येते, अंडी येतात. चार दिवसांत कोणी मरत नाही."

बाबा नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशीही नाही म्हणाले. माझी घालमेल चालली होती. रात्रीची पोळी लाटताना ठरवायची, जायचं; सकाळी डबा भरताना ठरवायची, नाही जायचं. आमच्या मजल्यावरच्या बाईंनी लिफ्टमध्ये ऐकून डोळे मोठे केले. पण तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून येताना त्या खांबाखाली थांबले, खालच्या फलकावरचा नंबर फिरवला आणि दोन सीटा सांगून टाकल्या. घरी येऊन बाबांना म्हटलं, "बाबा, मला दार उघडायचंय. आईच्या जागी मीच उभी राहणार. तुम्ही चला, मला ओटी कशी धरायची माहीत नाही." हे खोटं नव्हतं. मग ते नाही म्हणाले नाहीत.

निघायच्या दिवशी संध्याकाळी मिठागरांकडून गरम वारा येत होता. खाली रिक्षा थांबवून मंदार सामान तिच्यात ठेवत होता. बाबा दाराजवळच्या स्टुलावर बसून बूट घालत होते. सुजलेला पाय बुटात जात नव्हता म्हणून वेळ लागत होता. ओवी भूमितीचं पुस्तक बोट घालून मिटत पुढे आली. पेपर परवावर होता. बाबांसमोर उभी राहिली, पुस्तक काखेत मारलं आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा," ती म्हणाली. आवाज अगदी पोटातून काढायचा प्रयत्न होता. "आज आमचे आजोबा हद्द सोडून चाललेत. त्यांच्या पायाला जप. बसमध्ये एसी फार गार नको. घराचं कुलूप गंजलेलं असेल, ते पटकन उघडू दे. पालखी आली की त्यांना एकदा तरी खांदा लावू दे. इकडची राखण मी करते. भूमितीचं माझं मी बघून घेईन, तू त्यांच्याकडे बघ रे म्हाराजा."

होकार कोणी भरला नाही. मीही नाही. बाबा वर बघत होते, कोणीतरी होकार भरेल म्हणून वाट बघत असल्यासारखे. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांसाठी गाऱ्हाणं घातलं. होकार इतरांनी भरायचा असतो. आता ती पाळी आपली आहे हे त्यांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. मग त्यांनी मान खाली घातली आणि बुटाच्या लेसकडे बघत, अगदी हळू म्हणाले, "व्हय म्हाराजा."

ते उठले, ओवीच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्या दंडाला धरून उंबऱ्याबाहेर पडले. गॅसचं बटण त्यांनी तपासलं नाही.